गेट पुढं आलं

सुभेदार लालासाहेबांच्या गाडीचं चाक उभ्या नोकरीत कवा घसरलं न्हाई, आन् नेमकं त्याच गुन्ह्यापायी त्यांना शून्य मार्क पडलं. ते बी कुठं? सोताच्या घरात, सोताच्या सुनंपुढं, आन् दाखल्यासाठी बाकड्यावर खोळंबल्याल्या माणसांच्या देखत.

झालं काय, लालासाहेबांचं लायसन संपून वरीस उलटून गेल्यालं. सून दीपमाला घरातल्याच पुढच्या खोलीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवती. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाचा अंगठा, सगळं तिच्याकडं. म्हंजे अर्ज भरायला लालासाहेबांना उंबरा बी वलांडायला नको. पर सर्व्हर नावाच्या जनावराला घरचं-दारचं कळत न्हाई. सकाळपास्नं पडद्यावर नुसती गोल चकरी फिरत हुती. लालासाहेब बी सगळ्यांसंगं नंबराला बसलं हुतं. सून आपली हाय म्हणून मधी घुसायचं न्हाई. फौजेची शिस्त.

चकरी बघून बघून दीपमालाचं डोळं गरगरायला लागलं. ती म्हणली, "आबा, आज काय ह्येचा भरवसा न्हाई," आन् तिनं बाजूला एक मोटारीचा खेळ उघडला. डाउनलोड न्हाई, काय न्हाई. नुसतं उघडायचं आन् गाडी सुरू. बाणाची चार बटणं म्हंजे स्टेरिंग, वेग आन् ब्रेक. खालचं लांबडं बटण म्हंजे हातब्रेक. दीपमालानं गाडी अशी फेकली वळणावर, की मागची चाकं एकीकडं, तोंड दुसरीकडं, आन् धूरच धूर.

लालासाहेब खुर्चीतनं अर्धं उठलं. "आगं आगं आगं! टायर जळलं की!"

"आबा, तसंच असतंय ह्यात. वळणावर आडवी घासत न्यायची. जितकी घसरंल तितकं मार्क."

"घसरल्याचं मार्क?"

"व्हय. आन् कठड्याला लागली की त्या घसरणीचं सगळं मार्क गेलं."

आता ह्या माणसानं लडाखात, सिक्कीमात ट्रक चालिवल्याला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली बघितलं तर ढग. तिथं चाक घसरल्यावर मार्क देत न्हाईत, तार पाठवत्यात घरी. लालासाहेबांनी चष्मा पुसला. "सरक तिकडं. गाडी कशी चालवत्यात ते दाखवतो."

गाडी गुलाबी हुती. "हिरवी दे," लालासाहेब म्हणलं. दीपमाला म्हणली, "हिरवी मार्क मिळाल्यावरच उघडती." गुलाबी तर गुलाबी. लालासाहेबांनी पयल्यांदा पडद्यातल्या गाडीभवती नजर फिरिवली, चाकं बघितली, खाली तेल गळतंय का बघितलं. फौजेत ह्याला फर्स्ट परेड म्हणत्यात, त्याबिगर गाडी हलत न्हाई. मग डावी बाजू धरली. वळण आलं की वेग कमी. हॉर्नचं बटण न्हवतं, म्हणून तोंडानं "प्यँऽप" केलं. प्रत्येक वळणावर. बाकड्यावरची माणसं माना लांब करून बघायला लागली. अशी गाडी त्या खेळात कुणी चालिवली नसंल. एक ओरखडा न्हाई, सगळा फेरा सरळ. वेळ संपली.

पडद्यावर भलं मोठं शून्य आलं. खाली इंग्रजीत कायतरी.

"काय म्हणतंय?"

दीपमाला तोंडाला पदर लावून म्हणली, "गाडी घसरवायचा प्रयत्न करा म्हणतंय."

तेवढ्यात दारात नानासो. ह्या नानासोबद्दल सांगायलाच पायजे. शेजारी राहतो, मिरज डेपोला एसटीत कंडक्टर हुता. उभी नोकरी ड्रायव्हरच्या मागं बसून त्यानं ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सांगितलं. रिटायर झाल्यावर ड्रायव्हर ऱ्हायला न्हाई, सवय ऱ्हायली. आपल्याकडं कुणाची गाडी रिव्हर्स यायला लागली की चार माणसं आपूआप उभी ऱ्हात्यात, "येऊ द्या, येऊ द्या, बास!" त्या चारांतला पयला आवाज कायम नानासोचा.

"शून्य?" नानासो म्हणला. "आरं सुभेदार, आमच्याकडं नुसत्या झोपल्याल्या पॅसेंजरला बी ह्याच्यापेक्षा जास्त मार्क मिळालं असतं."

झालं. दुपारपतूर गावभर. पारावर, सोसायटीत, पिठाच्या गिरणीत. सुभेदाराला शून्य.

खरं सांगायचं तर शून्याचं दुःख येवढं न्हवतं. दुःख हुतं ते किल्लीचं. लालासाहेबांची जीप परसात पत्र्याखाली उभी हुती, आन् तिची किल्ली त्यांच्या मंडळींच्या, म्हंजे विजयमालाबाईंच्या कमरंला, कणगीच्या किल्लीसंगं. त्याचं कारण दूध डेअरीचं गेट. मागल्या गळिताच्या टायमाला उसाच्या ट्रॅक्टरांनी सगळा रस्ता चिखलानं माखल्याला. लालासाहेब जीप घेऊन आलं, विजयमालाबाई बाजूला बसल्याल्या, आन् डेअरीच्या वळणावर जीप आडवी होत होत गेली ती गेटात. कुणाला कायबी लागलं न्हाई, गेट तेवढं वाकडं झालं. साऱ्या गावानं बघितलं की गाडी घसरली. फक्त लालासाहेबांनी बघितलं न्हाई.

"गाडी घसरली न्हाई. गेट पुढं आलं." तवापास्नं आजपतूर एवढंच.

विजयमालाबाईंनी किल्ली काढून घेतली. पुण्याहून पोरगा उदयसिंह फोनवर म्हणला, "आबा, बास आता." लायसन बी तसंच संपून गेलं. पर विजयमालाबाईंची अट सोपी हुती. "एकदा म्हणा, घसरली. किल्ली देते."

"गेट पुढं आलं."

"मग ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी जेवताना त्या म्हणल्या, "आवं, खेळात बी शून्य पडलं म्हणं."

"घसरवायचं मार्क हाय त्यात. मला घसरवता येत न्हाई."

"व्हय का?" विजयमालाबाई भाकरी वाढता वाढता म्हणल्या. "डेअरीपाशी तर झ्याक जमलं हुतं."

लालासाहेबांनी ताट बाजूला सारलं. "त्या खेळात रोज पयल्या धा जणांची नावं लागत्यात. माझं नाव लागलं, तर किल्ली देशील?"

"लागलं तर दिली."

"आन् घसरवणार न्हाई. सांगून ठेवतो."

आता ह्याला हट्ट म्हणा, मूर्खपणा म्हणा. खेळ घसरवायचा, मार्क घसरल्याचं, आन् हा गडी म्हणतोय न घसरवता नाव लावतो. उपाशी ऱ्हाऊन जेवणाची पैज मारल्यासारखं. पर सुभेदार बोलला म्हंजे बोलला.

दुसऱ्या दिवसापास्नं सर्व्हरची चकरी फिरायला लागली की लालासाहेब गुलाबी गाडीत. मागं नानासो उभा. "डावीकडनं घे. आरं डावीकडनं! थांब, टिंग टिंग दिल्याबिगर गाडी सोडायची न्हाई." सोताच तोंडानं टिंग टिंग म्हणायचा. रोज शून्य. एकदा लालासाहेबांना शिंक आली तवा गाडी जराशी वाकडी झाली आन् थोडं मार्क पडलं. लालासाहेबांनी ते मोजायचं न्हाई म्हणून खेळच बंद केला. शिंकंचं मार्क घेऊन हिरवी गाडी घ्यायची?

मग नानासोला दोष सापडला. "सुभेदार, ह्या गाडीची पूजाच झाल्याली न्हाई."

हे खरं हुतं. आपल्याकडं मोटार असू दे, न्हाईतर पोराची सायकल. हार, कुंकू, नारळ झाल्याशिवाय आन् चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती दारातनं हलत न्हाई. ट्रॅक्टर हप्त्यानं घेतल्याला असला तरी लिंबू रोख असतंय. फौजेत सुद्धा दसऱ्याला ट्रकाची पूजा. आन् ही गाडी तशीच पळत हुती, बिनकुंकवाची.

"पर लिंबू ठेवायचं कुठं? चाकं काचंच्या आत."

नानासोनं इचार केला. एसटीचा माणूस, वाट काढणारच. "आरं, गाडी चालती कशावर? बटणांवर. मंग चाकं कोणती झाली?"

दीपमाला बँकेत गेल्याली. नानासोनं कीबोर्ड उचलला, चारी कोपऱ्यांखाली चार लिंबं ठिवली. कुंकू लावलं. लालासाहेबांनी हात जोडलं, आन् दोघांनी मिळून कीबोर्डावर भार दिला. साधी लिंबं न्हवती ती, नानासोच्या दारची कागदी, रसानं टंच. एक फुटलं ते खाली. दुसरं फुटलं ते वर. तिसऱ्याची चिळकांडी बटणांच्या फटीतनं सरळ आत. चौथं सटकलं आन् बाकड्यावरच्या म्हातारीच्या वटीत जाऊन पडलं, तिनं ते नमस्कार करून पिशवीत टाकलं.

त्यानंतर कीबोर्डाचं एकच बटण चालू ऱ्हायलं, आन् ते चालू म्हंजे थांबंचना. दीपमाला परत आली तवा कुणाच्यातरी उत्पन्नाच्या दाखल्यावर नावाच्या जागी ओळभर नुसतं "ळळळळळ" चाललं हुतं. आन् त्याच टायमाला सर्व्हर आला! चार दिवस न आल्याला सर्व्हर! बाकड्यावरची माणसं उठून उभी ऱ्हायली. "चालू झालं! चालू झालं!" आन् टायपायला कीबोर्ड न्हाई.

दीपमाला आवाज चढवत न्हाई. ते जास्त वंगाळ असतंय. तिनं कीबोर्ड उचलला, त्यातनं एक बी गळाली.

"आबा, कराडला जावा. कीबोर्ड घेऊन या. आत्ता."

दोघं एसटीनं कराडला गेलं. वाटंत नानासोनं तिथल्या कंडक्टरला चार गोष्टी शिकवल्या. दुकानदार पोरगेलासा, गोडबोल्या. लालासाहेबांनी मोटारीच्या खेळाचं नाव काढलं मात्र, त्यानं आतनं एक खोकं आणलं. खरंखुरं स्टेरिंग! पायात दाबायला पायडल. लालासाहेबांनी ते हातात घेतलं आन् त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. वरीसभरात हातात स्टेरिंग न्हवतं. पुढचं काय सांगू. घरी आलं तवा स्टेरिंग हुतं, पायडल हुतं, आन् कीबोर्ड दुकानातच ऱ्हायला हुता.

वर आणखी, त्या खेळाला स्टेरिंग वळखूच येईना. दीपमालानं सगळं करून बघितलं. गोल फिरवलं तरी गाडी जागची हलंना. स्टेरिंगाच्या खालची चिकटायची रबरी वाटी मात्र टेबलाला अशी घट्ट बसली, की ती निघंना. टेबल सेवा केंद्राचं. तवापास्नं त्या टेबलावर अर्ज भरायला येणारा प्रत्येक जण पयल्यांदा स्टेरिंग धरतो आन् मग सही करतो. लालासाहेब बी येता-जाता दोन मिनिटं बसायचं. कुठं जायचं न्हाई, काय न्हाई. नुसतं धरून बसायचं. विजयमालाबाईंनी हे एकदा दारातनं बघितलं, आन् कमरंची किल्ली चाचपत आत गेल्या.

दीपमालानं दुसऱ्या दिवशी सोता जाऊन कीबोर्ड आणला आन् वर कागद चिकटवला: 'फक्त कामासाठी'. सासऱ्याला तोंडावर बोलता येत न्हाई म्हणून कागद. लालासाहेबांनी तो वाचला. फौजी माणूस, लेखी हुकूम म्हंजे हुकूम. पर पैज ऱ्हायलीच की.

आता गावात दुसरा कंप्युटर कुठं? डेअरीत. हीच ती डेअरी, त्याच गेटाची. चेअरमन भाऊसो. दुधाचं माप आन् फॅट सगळ्यांना दिसावी म्हणून त्यानं भिंतीवर मोठा टीव्ही लावल्याला, कंप्युटरला जोडून.

"या की आबा," भाऊसो म्हणला. "खेळा. गाडी आतच चालवायची हाय न्हवं? मग हरकत न्हाई. गेटाला काय भ्या न्हाई."

सांजची धार आटपून सगळा गाव कॅनी घेऊन रांगंत. मशिन जरा गरम झाल्यालं म्हणून माप थांबल्यालं, तेवढ्यात लालासाहेब कंप्युटरपुढं बसलं. मागं नानासो. भिंतीवर गुलाबी गाडी, म्हशीएवढी मोठी. रांगंत विजयमालाबाई बी हुत्या, कॅन कमरंला लावून. दीपमाला संगं.

गाडी निघाली. डावी बाजू. वळण. "प्यँऽप."

रांगंतनं आवाज सुरू. "आबा, घसरवा!" "आवं, आडवी घाला की!" "पाठीमागं कोण हाय म्हणून हॉर्न देताय!"

"घसरवणार न्हाई!" लालासाहेब पडद्यावरची नजर न काढता गरजलं. "सगळ्या गावानं सांगितलं तरी न्हाई!"

"तसं न्हवं सुभेदार, नुसतं हे लांबडं बटण..." म्हणत नानासो वाकला. त्याला नुसतं बोट दाखवायचं हुतं. पर दुधाची फरशी, पाय सटकला, आन् नानासोचं कोपर सगळ्या वजनासकट हातब्रेकवर.

गाडी गेली. मागचं अंग भेलकांडलं, तोंड कठड्याकडं, धूर. आख्ख्या डेअरीनं "आई आई गं" केलं.

आन् लालासाहेब हुशार झालं. पाठ ताठ, मान खाली. गाडी जिकडं घसरती तिकडंच तोंड दिलं, बर्फावर देत्यात तसं. ब्रेकला हात न्हाई. गाडी सावरली, दुसरीकडं झुकली. लगेच तिकडं तोंड. "थांब! थांब गं बया, थांब!" कठडा वीतभर लांबनं गेला. पुन्हा झुकली, पुन्हा धरली. लालासाहेबांचा जीव थांबवण्यात, आन् प्रत्येक सावरण्याबरोबर वरचं मार्क दुप्पट-तिप्पट. आकडा भिंतीवर भिंगरीसारखा फिरायला लागला.

रांगंच्या शेवटी नुकताच आल्याला एक म्हातारा वरडला, "आरं, कुणाच्या म्हशीची फॅट ही?"

वेळ संपली. गाडी रस्त्याच्या बरोब्बर मधी, कठड्याला न लागता उभी. लालासाहेबांच्या कपाळावर घाम. पडद्यावर फुलं उडाली, हिरवी गाडी उघडली, आन् त्या दिवसाच्या पयल्या धा जणांत मोकळी ओळ. नाव टाका.

डेअरीत असा दंगा झाला की बाहेर बांधल्याली रेडकं बुजली. दीपमाला धावत पुढं आली. "आबा! नाव टाकते तुमचं!"

"थांब."

लालासाहेब उभं ऱ्हायलं. "ते मार्क माझं न्हाई. मी घसरवली न्हाई. नानासोनं कोपर मारलं, घसरवली त्यानं. त्याचं नाव टाक."

"आवं आबा, सावरली तर तुमी!"

"सावरल्याचं मार्क हाय का ह्यात? न्हाई. घसरल्याचं हाय. मग घसरवणाऱ्याचं नाव."

"आरं सुभेदार, किल्ली!" नानासो फरशीवरनंच वरडला. उठल्याला न्हवता अजून.

"किल्ली गेली खड्ड्यात. टाक गं नाव."

नाव लागलं: नानासो, मिरज डेपो. त्यानंतर नानासो गावात कुणाला आवरण्यासारखा ऱ्हायला न्हाई. त्याच्या मते तो खेळ त्यानं कोपरानं, आन् ते बी डाव्या, जिंकल्याला हाय.

घरी लालासाहेब मान ताठ ठिवून जेवायला बसलं. हरल्याला माणूस असा ताठ बसल्याला मी बघितल्याला न्हाई. ताटात भाकरी आली, पिठलं आलं, आन् वाटीशेजारी खळकन किल्ली आली.

"ही कशाला? पैज हरलोय मी."

"पैजेचं ऱ्हाऊ द्या," विजयमालाबाई म्हणल्या. "त्या दिवशी जीपमधी मी डोळं झाकलं हुतं. गेटाचा आवाज तेवढा ऐकला. गाडी हातातनं जायला लागल्यावर तुमचं हात कसं चालत्यात, ते आज बघितलं. म्हणून दिली."

लालासाहेबांनी किल्ली उचलली. ती खिशात टाकत म्हणलं, "त्या दिवशी घसरलीच न्हवती."

"आवं, जेवा आता."

पुढं लायसनचं सगळं रीतसर झालं. सर्व्हर आला, गेला, परत आला. डॉक्टरनं डोळं तपासलं. वरीस उलटून गेल्यालं म्हणून परीक्षा बी द्यावी लागली. मैदानात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीनं आठाचा आकडा काढायचा हुता. लालासाहेबांनी फर्स्ट परेड केली, प्रत्येक वळणावर हॉर्न दिला, आन् आठ असा काढला की बाजूला बसल्याल्या आरटीओच्या साहेबाला मधी जांभई आली.

"आजोबा, जरा जोरात घ्या की."

"साहेब, जोरात घेणारं त्या कंप्युटरात बसलंय सगळं. हितं अशीच चालंल."

पास. 

लायसन हातात पडलं त्या दिवशी जीप बाहेर निघाली. चाकाखाली लिंबू, खऱ्या चाकाखाली. विजयमालाबाई पुढं, नानासो न सांगता मागं. "टिंग टिंग," तो म्हणला, आन् जीप निघाली. मागं उसाचं ट्रॅक्टर लागलं, त्यामागं दुसरं, त्यामागं दुधाचा टेम्पो. सगळी वरात. लालासाहेबांनी डावी बाजू सोडली न्हाई आन् वेग बी वाढवला न्हाई.

डेअरीचं वळण आलं. विजयमालाबाईंनी दांडी घट्ट धरली, पर डोळं उघडंच ठिवलं. लालासाहेबांनी हॉर्न दिला आन् एकदम जीप उभी केली. मागची सगळी वरात उभी ऱ्हायली.

डेअरीचं गेट जाग्यावर न्हवतं. सुभेदार परीक्षेत पास झाला ही बातमी लागल्याबरोबर भाऊसोनं गवंडी लावून गेट चांगलं लांब, पार आतल्या अंगाला बसवून घेतलं हुतं. सिमिट अजून वलं हुतं.

लालासाहेबांनी गेटाकडं बघितलं. मग मंडळींकडं बघितलं. आन् वरीसभर दाबून धरल्याला आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा काढला.

"बघ. मागं घेतलं का न्हाई? म्हंजे पुढं आलं हुतं!"